रिसीव्हरचं माहेरपण

माझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, खोलीत एकतीस नग आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा टॅग आहे. लष्कराच्या सिग्नल विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस. तिथे तपासलेल्या प्रत्येक वायरलेस सेटला टॅग लागायचा: चालू असेल तर एस, दुरुस्त होण्यासारखा असेल तर आर, आणि दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेली असेल तर बी.ई.आर. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आष्ट्याला आले तरी ही सवय सुटली नाही. फक्त बी.ई.आर. लिहिलेला टॅग त्यांनी आपल्या एकाही यंत्राला बांधला नाही. भाद्रपदात मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट वाचून गप्प झाले, तेव्हा तात्याच म्हणाले, "बी.ई.आर. का?" डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं.

यंत्रं म्हणजे जुने अँप्लिफायर, टर्नटेबल, कॅसेट डेक, लाकडी पेट्यांचे स्पीकर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने घेतलेली, मग बिघडलेली, मग पोटमाळ्यावर गेलेली आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेली. तात्या ती तिथून उतरवून आणायचे. गावात त्यांना 'भंगार हवालदार' म्हणत. तोंडावरही म्हणत. तात्या म्हणायचे, "हवालदार म्हनत्यात न्हवं? मग झालं."

त्यांच्यासारखा कान आणि त्यांच्यासारखं नाक मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. खिशात कायम टॉर्चचा एक सेल आणि वायरचा तुकडा असायचा. भंगाराच्या ढिगातला स्पीकर दिसला की त्याच्या दोन टोकांना ते सेल लावायचे. आतून 'ठप्' असा आवाज आला, की तो जिवंत. त्या एका 'ठप्'वरून ते आतल्या पडद्याचा कागद फाटलाय की नुसता सैल झालाय, तेही सांगायचे. शिरवळला एका भंगारवाल्याने ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर एक जड, गोल, चकचकीत तबक ठेवलं होतं. तात्यांनी ते लांबून ओळखलं. ते टर्नटेबलचं होतं. पण त्याबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी आधी पंख्याच्या मोटारीचा भाव विचारला, मग कुलरचा, आणि असं करत करत तिसऱ्या ढिगात त्या तबकाचं बाकीचं अंग शोधून काढलं. फलटणजवळ हरणाबाई नावाच्या बाईंच्या परसात, बंद पडलेल्या तंबू थेटराच्या स्पीकरच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. तात्यांनी सौदा केला, पेटी तिथेच सोडली आणि पिल्लं बाहेर पडल्यावर ती आणायला गेले. जाताना कोंबडीसाठी फळ्या ठोकून नवीन खुराडं घेऊन गेले.

सौद्यात ते कसलेले होते. चांगली वस्तू दिसली की त्यांचे गुडघे दुखायला लागत. चेहरा पडे, ते कण्हत, बसायला काहीतरी मागत, आणि समोरच्याला वाटे की म्हाताऱ्याला आता घरी जायची घाई आहे. वस्तू जितकी दुर्मिळ तितकं कण्हणं जास्त. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर टॉर्च धरायला जात असल्यामुळे मला कण्हण्यावरून किंमत कळायची.

पण तात्यांचा एक नियम होता आणि आमच्या घराला अभिमान आहे तो त्याचा. यंत्र दुरुस्त झालं की ते एक दिवस त्याच्या मूळ घरी न्यायचे. त्याला ते माहेरपण म्हणत. तिथे क्रम ठरलेला: आधी सांगणं, मग ऐकवणं, मग विचारणं, आणि शेवटी चहा. काय बिघडलं होतं, आपल्याला किती लवकर कळलं होतं, आपण गप्प का बसलो, सगळं सांगायचं. मग त्या घराला हवं ते त्यावर लावून दाखवायचं. मग विचारायचं, की घेतलेल्या भावात परत हवंय का? या तीन गोष्टी होईपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही, कारण चहा पोटात गेला की माणूस मऊ बोलतो.

मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं, की सौद्याच्या वेळीच खरं का सांगत नाही? ते म्हणाले, "सौद्यात खोटं बोलायचं न्हाई. पन सगळं बोलायचंबी न्हाई, न्हाईतर सौदा कसला? म्हायेरपनाला मातुर कायबी झाकायचं न्हाई. समजी?"

हे 'समजी' पठाणकोटच्या छावणीतून आलेलं होतं.

इतक्या वर्षांत एकच टर्नटेबल परत गेलं, कराडच्या एका निवृत्त मास्तरांकडे. त्या दिवशी तात्या रिकाम्या हाताने आले आणि जेवताना दोनदा म्हणाले, "परत मागितलं, म्हंजे बरं झालं हुतं." माहेरपण उरकलं की टॅगच्या मागच्या बाजूला, घराच्या नावाखाली, ते एक शब्द लिहीत: झालं.

मी साताऱ्याला कॉलेजात शिकवते. संक्रांतीच्या सुट्टीत आष्ट्याला आले ती खोली आवरायला. माझा धाकटा भाऊ शंभूराज शेती बघतो आणि ठिबक सिंचनाचं दुकान चालवतो. त्याला पाइपांसाठी खोली हवी होती. पुण्याचे एक संग्राहक रविवारी येऊन सगळे नग एकदम नेणार होते. मीही हो म्हणाले होते. माझ्या फ्लॅटमध्ये एकतीस यंत्रं मावत नाहीत, शंभूला त्यांतलं काही कळत नाही, आणि न वापरलेलं यंत्र पुन्हा मरतं, हे तात्यांनीच शिकवलं होतं. पुण्याच्या गृहस्थांची एकच अट होती. चंदेरी तोंडाचा जपानी रिसीव्हर हवाच. तो नसेल तर बाकीच्यांत त्यांना रस नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी एकेक नग पुसत होते आणि टॅग उलटून बघत होते. झालं. झालं. झालं. सगळ्यात शेवटी रिसीव्हर पुसायला घेतला. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असलेलं ते वीस किलोचं धूड, समोर घासलेल्या अॅल्युमिनियमची पट्टी, आणि बटण एकेक घर सरकताना असा मऊ अडखळा की पुन्हा पुन्हा फिरवावंसं वाटावं. तात्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शिकार. टॅग उलटला. 'माहेर: अर्जुना, आटपाडीच्या पुढची वाडी.' त्याखाली काही नव्हतं.

दारात तांदूळ निवडत बसलेली आई वर न बघता म्हणाली, "त्येचं ऱ्हायलंय. चैत्रात जाऊ म्हनलं हुतं त्यांनी."

त्या वाडीला गेल्या माघात मीच तात्यांना घेऊन गेले होते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवत होते. विट्याच्या भंगारवाल्याने खबर दिली होती, की तिकडे एका घरात चांदीच्या तोंडाचा रेडिओ आहे. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. अर्जुनाही मेंढरं थोरल्या भावाच्या स्वाधीन करून केरळात कोळिकोडला एका गलाईच्या दुकानात कामाला गेले होते. तिथे दुबईहून आलेल्या कुणीतरी विकायला काढलेला हा रिसीव्हर त्यांनी घेतला आणि परतताना गावी आणला. ते वारून वर्ष झालं होतं. मुलगा आप्पासो अंगणात पाण्याचा जुना पंप, मोडकी सायकल आणि रिसीव्हर एका रांगेत ठेवून किलोवर देत होता. त्याच्या आई, सुलाबाई, उंबऱ्यात बसून बघत होत्या.

तात्यांनी आधी पंपाचा भाव केला. (तो पंप आम्ही घेतलाही. अजून गोठ्यात पडला आहे.) मग सहज वाकल्यासारखं करून त्यांनी रिसीव्हरच्या वरच्या जाळीला नाक लावलं. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर त्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही. तात्यांनी वास घेतला, जाळीतून बोटाच्या चिमटीत एक काळा धागा काढला, तो खिशात टाकला, आणि त्यांचे गुडघे दुखायला लागले. इतके दुखलेले मी कधीच पाहिले नव्हते. आप्पासोने शेवटी त्यांना बाज टाकून दिली.

विट्यापर्यंत ते गप्प होते. तिथे गाडी थांबवायला लावून चहा घेतला आणि म्हणाले, "त्याला काय झालेलं न्हाई गं. त्याचा श्वास कोंडलाय."

धागा लोकरीचा होता. चांगल्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून त्या घराने रिसीव्हरवर घोंगडं पांघरलं होतं, आणि ते तसंच ठेवून तो चालवला होता. तापलेली हवा बाहेर जायला वाट नाही. आत ज्वारीच्या दाण्याएवढा एक फ्यूज असतो, फार तापलं की आधी तो जातो आणि बाकीचं वाचवतो. तो गेला होता, एवढंच. घरी आल्यावर तात्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो बदलला. उरलेले आठ दिवस नुसती मशागत केली. टॅगवर पुढच्या बाजूला लिहिलं: 'उष्णतेने फ्यूज. जाळीत लोकर. घोंगडं.' आणि तारीख घातली ती सौद्याच्या दिवसाची.

चैत्र आला तोवर त्यांचे गुडघे खरोखर दुखायला लागले होते. पुढचं, भाद्रपदातलं, सांगितलंच आहे.

"उद्या मी हा घेऊन जाते," मी शंभूला म्हणाले.

"कुठं?"

"माहेरी."

तो पाइपाचं भेंडोळं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "ताई, परवा मानूस येतोय. इकून टाकू, मग पायजे तर त्यातलं कायतरी त्या मावशीला पाठवून देऊ."

"त्यांना ऐकवायचंय, शंभू. आणि सांगायचंय."

"आनि ठेवून घेतला तर?"

"तर ठेवून घेतला."

"मग बाकीच्या तीसाला कोन इचारनार न्हाई. माझे पाइप उन्हात सडत्याल."

मला त्याचं म्हणणं पटत होतं. पण तात्या त्या अंगणात गप्प बसले होते आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले होते. रिसीव्हर पुण्याला गेला असता तर ते गप्प बसणं तसंच कायम राहिलं असतं, आणि मग एकतीस टॅगांपैकी तीस ठिकाणी लिहिलेल्या 'झालं'ला काय अर्थ उरला असता? शंभूनेच दुसऱ्या दिवशी सकाळी रिसीव्हर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून दिला. त्याच्या दोन्ही बाजूंना तात्यांचे तपासणीचे दोन स्पीकर आणि पाय ठेवायच्या जागेत एक कॅसेट डेक. वरून झाकायला त्याने चादर घेतली होती. ती मी परत दिली.

तासगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेले. विट्यानंतर रस्ता मोकळा झाला आणि हिरवं संपलं. वाडीत पोचले तेव्हा अकरा वाजले होते. अंगणापलीकडे जाळीच्या वाघरीत कोकरं कोंडलेली होती, मोठी मेंढरं रानात गेली असावीत. सुलाबाई उंबऱ्यातच होत्या, जणू गेल्या माघापासून उठल्याच नव्हत्या.

"हवालदाराची लेक न्हवं तू?" त्यांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं. "म्हातारा कुठाय?"

"भाद्रपदात गेले, मावशी."

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मग आत वळून म्हणाल्या, "आप्पा, च्या टाकाय सांग रं."

"मावशी, चहा नंतर घेते. आधी थोडं बोलायचंय."

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "का? आमच्यातला चालत न्हाई व्हय?"

तात्यांच्या नियमाचा असाही अर्थ निघू शकतो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तात्यांची मिशी, त्यांचा कडक शर्ट आणि त्यांचं हसणं यांमुळे त्यांच्यावर अशी वेळ आली नसणार. "तसं नाही हो," मी म्हणाले. "मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही चहा द्याल की नाही, माहीत नाही. सांगून झाल्यावर दिलात तर दोन कप घेईन."

आप्पासो बाहेर आला होता. चाळिशीचा, सडपातळ, खांद्यावर टॉवेल. मी उंबऱ्यासमोर उभी राहून सांगितलं. आमच्या वडिलांना हा रिसीव्हर इथे अंगणातच कळला होता. आत फारसं काही बिघडलेलं नाही हे माहीत असून त्यांनी तो किलोच्या भावात घेतला, आणि ते बोलले नाहीत. मलाही अंदाज आला होता, मीही बोलले नाही. ते स्वतः येऊन सांगणार होते, राहून गेलं.

आप्पासो ऐकत असताना टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होता. "म्हंजे तवाच ठावं हुतं?"

"हो."

"आनि त्ये गुडघं?"

"तेव्हा दुखत नव्हते."

"बघ आये!" तो आईकडे वळला. "मी ह्या मानसाला बाज टाकून दिली. मिल्ट्रीतला मानूस म्हनून काटाबी परत बघितला न्हाई. आनि आता लेकीला पाठवून पाप फेडतोय व्हय?"

"त्यांनी पाठवलं नाही. मी आले."

"त्येच की! आमी अडानी, आमाला लुटायचं, वर येऊन सांगायचं बी!"

मला खूप काही म्हणता आलं असतं. हरणाबाईंचं खुराडं सांगता आलं असतं, कराडच्या मास्तरांचं टर्नटेबल सांगता आलं असतं. पण माहेरपणाला तात्यांनी स्वतःची बाजू मांडलेली मी कधी ऐकली नव्हती. मी एवढंच म्हणाले, "आधी ऐकून घ्या. मग त्याच भावात परत हवा असेल तर ठेवून जाते. त्यांचा तसा शब्द असायचा. याला ते माहेरपण म्हणायचे."

सुलाबाई म्हणाल्या, "आप्पा, तोंड मिट आनि खोकी उतर."

रिसीव्हर पूर्वी जिथे असायचा ते टेबल आतल्या खोलीत तसंच होतं. त्यावर काळ्या घोंगड्याची चौपदरी घडी होती. आप्पासोने ती उचलून सुलाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि रिसीव्हर टेबलावर मांडला. मी स्पीकर दोन कोपऱ्यांत ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे, तात्या ठेवायचे तसे. वायरी जोडल्या. बटण दाबलं. पट्टीमागे हिरवा उजेड आला, आणि दोन सेकंदांनी आत 'टक्' असा आवाज झाला.

"हां, त्यो आवाज!" आप्पासो नकळत म्हणाला.

"काय लावू?"

सुलाबाईंनी फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे सहा-सात कॅसेटी होत्या. त्यांतली एक अर्जुनांनी स्वतः भरलेली होती, वाडीच्या यात्रेतली, धनगरांच्या गजी नाचाच्या ढोलांची. कोळिकोडला ते रात्री हीच लावायचे आणि शेजारचे मल्याळी लोक भिंतीवर थापा मारायचे, असं आप्पासोने सांगितलं. सांगताना तो जवळजवळ हसला. "माझ्या फोनवर घ्यून ठेवलीय मी. पन त्यात नुसतं टिक टिक वाजतंय."

मी कॅसेट घातली. आधी नुसती खरखर. मग लांब कुठेतरी बासरी, आणि मग ढोल पडला.

फोनमधून येतो तो ढोलाचा वरचा पापुद्रा. खालचा, पोटातला आवाज यायला एवढी मोठी पेटी आणि एवढं जड यंत्र लागतं. तो जमिनीतून आला. फडताळातल्या कपबश्या किणकिणल्या. एक ढोल डावीकडे, दोन उजवीकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेत झांजा, ती जागा इतकी खरी की आप्पासो मान वळवून तिथे बघायला लागला. फेर बदलला तसे ढोल सरकले. मग ढोल थांबले आणि त्या यात्रेच्या माळावर कुठेतरी एक मेंढी ओरडली. बाहेर वाघरीतली कोकरं एकदम उठून उभी राहिली आणि सगळी मिळून तिला ओ द्यायला लागली.

आप्पासो दारात धावला, बाहेर बघितलं, परत आत बघितलं. "आयला!" तो म्हणाला. "ती मेंढी मरून पस्तीस वर्सं झाली आसत्याल!"

सुलाबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात घोंगड्यावर ताल धरत होता. कॅसेटची बाजू संपेपर्यंत तो थांबला नाही. कोकरांना गप्प व्हायला त्याहून जास्त वेळ लागला.

माझ्या वडिलांनी जवळजवळ काही न देता उचलून आणलेल्या, आठ दिवस मान मोडून साफ केलेल्या यंत्रातून तो आवाज आला होता. त्या घरात उभी राहून मला तात्यांचा जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या पदकांचा कधी वाटला नव्हता. आणि नेमकं तेव्हाच आप्पासोने विचारलं, "पन झालं काय हुतं त्येला?"

"फ्यूज गेला होता."

"कशानं?"

इथे थांबता आलं असतं. जुनं यंत्र, उष्णतेने जातो, एवढं पुरलं असतं. सुलाबाईंचा हात अजून घोंगड्यावर होता. ते त्यांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं करून घेतलं असणार, आणि घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूवर घातलं असणार. मी हे सांगितलं तर त्यांच्या हातात काय उरणार होतं? अर्जुना गेले त्याआधी किती वर्षं हे यंत्र मुकं होतं, तेही मला माहीत नव्हतं. पण टॅग माझ्या समोर लोंबत होता, आणि त्यावर तात्यांनी ते तीन अक्षरांचं नाव लिहून ठेवलं होतं.

"घोंगड्यानं," मी म्हणाले. "वरून झाकलं की आतली गरम हवा कोंडते. त्यानं फ्यूज उडतो. दुसरं काही नव्हतं."

आप्पासोने आईकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

सुलाबाईंनी घोंगड्याची दशी बोटात धरली आणि ती पिळत राहिल्या. "म्हंजे मीच," त्या म्हणाल्या. मग दशी सोडून, "ह्यांनी एकदा काडून ठेवलं हुतं गं. म्हनले, सुले, त्येला उकडतंय. मी म्हनलं, मिशनीला कुठं उकडतंय व्हय? धूळ केवडी बसती. आनि परत घातलं. भांडलो त्यावरनं. दोन दिस बोलले न्हाईत माझ्यासंगं."

"आये, ऱ्हाऊ दे आता," आप्पासो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे काय? बरोबर हुता की त्यो!" आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, पण त्या हसत होत्या. "चाळीस वर्सांच्या संसारात एकदा बरोबर निगाला बाबा, आनि ऐकाय न्हाई!"

डोळे पुसून त्या आप्पासोला म्हणाल्या, "तिच्या बाला कळलं आनि त्यो बोलला न्हाई. मला सांगितलं आनि मी ऐकलं न्हाई. आता कुनाला लुटारू म्हनतोस, बोल."

आप्पासोने टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "पैसे आनू का? परत घ्यायचा तर."

"तू गप. दुसऱ्या दिशी इकशील कुनालातरी." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हायेरपन म्हनायचा व्हय तुझा बा ह्येला?"

"हो."

"आनि किती दिस?"

"एक दिवस. खरं तर एक दुपार."

"एका दुपारचं कसलं म्हायेरपन गं? लेक आली की चार दिस ऱ्हाती, खाती पिती. तुझ्या बाला कुनी शिकवलं न्हाई का? बापयांना काय कळतंय." त्यांनी उठून रिसीव्हरच्या कोपऱ्यावर हळदी-कुंकवाचं बोट लावलं. "यात्रेपातूर ऱ्हाऊ दे हितं. सगळी वाडी ऐकंल. मग ये आनि न्हे. तिचं सासर तुमच्याकडंच."

तात्यांच्या नियमात ठेवून घेणं होतं आणि परत आणणं होतं. हे तिसरं त्यांना कुणी कधी म्हटलंच नव्हतं, कारण एका दुपारच्या आत ते उठून निघायचे. पुण्याचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी येणार होते. मी म्हणाले, "ठेवा. स्पीकर आणि डेकपण ठेवा. फक्त वर काही..."

"पुशीन गं धूळ रोज. येवडी मूर्ख न्हाई मी."

मग चहा आला. मी दोन कप घेतले. निघताना सुलाबाईंनी घोंगडं माझ्या हातात दिलं. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "घे. मानसानं पांघरायचं असतंय त्ये."

आष्ट्याला पोचले तेव्हा दिवस मावळला होता. शंभूने गाडीत डोकावून बघितलं. मागच्या सीटवर घोंगड्याशिवाय काही नव्हतं. तो माझ्यामागून खोलीत आला. रिसीव्हरची जागा फळीवर मोकळी होती, आणि तिच्याभोवती धुळीची चौकट. टॅग मी सोडवून आणला होता. तो त्या जागेवरच्या खिळ्याला बांधला. मागच्या बाजूला, तात्यांच्या अक्षराखाली, काय लिहायचं यावर वाटेत पुष्कळ विचार केला होता. 'झालं' लिहिता येत नव्हतं, कारण झालं नव्हतं. मी लिहिलं: माहेरी.

शंभूने ते वाचलं. आईने दारातून विचारलं, "कवा आनायचं?"

"यात्रेनंतर."

"मग मी येतो बरोबर," शंभू म्हणाला. "तुला एकटीला गाडीत चडवता यायचं न्हाई ते." आणि जरा थांबून, "पाइप ठेवीन गोठ्यात. तो पंप काडून टाकतो आदी."

मग त्याने फोन लावला. पुण्याच्या गृहस्थांना तो उंबऱ्यात उभा राहून सांगत होता, आणि मी आतून ऐकत होते.

"न्हाई साहेब, उद्या येऊ नका. रिसीव्हर न्हाई... न्हाई, न्हाई, इकला न्हाई. म्हायेरी गेलाय."

पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. शंभूने पाठ ताठ केली, अगदी तात्या करायचे तशी.

"व्हय," तो म्हणाला. "आमच्यात असतंय तसं."